जामच्या काठच्या पेठा

नागपुराहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने महाराष्ट्राची सीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर जामसांवलीचा फाटा लागतो, आणि मंगळवारी व शनिवारी त्या फाट्यावर विदर्भातून आलेल्या मोटारींची अशी दाटी होते की दोन राज्यांमधली सीमा केवळ नकाशावरच आहे, याची खात्री पटावी. जाम आणि सर्पा या दोन नद्यांच्या सान्निध्यात, पिंपळाच्या छायेत, शयनावस्थेत असलेल्या मारुतीचे हे स्थान आहे; मूर्तीच्या नाभीतून पाझरणारे जल तीर्थ म्हणून घेऊन भाविक परततात, आणि दुखणाईतांना घेऊन आलेली कुटुंबे कित्येक दिवस येथे मुक्काम करतात. २४ ऑगस्ट २०२३ रोजी येथे हनुमान लोक या मंदिर-परिसराच्या विकासयोजनेचे भूमिपूजन झाले. ३०० कोटींहून अधिक खर्चाची ही योजना आहे. त्याच प्रसंगी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्याची घोषणा झाली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर हा सारा मुलूख छिंदवाड्यापासून अलग होऊन नवा जिल्हा अस्तित्वात आला.

देवस्थानाचे भाग्य उजळले याचा आनंद कोणाला होणार नाही? तथापि दर्शन आटोपून परत फिरणारा यात्रेकरू जवळच्या सौंसरच्या जुन्या पेठेत क्वचितच शिरतो, लोधीखेड्याच्या गल्ल्या त्याला ठाऊक नसतात, आणि पांढुर्णा म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार, म्हणजे दगडफेक, तेवढी उभी राहते. या गावांच्या मध्यभागी, दोन बैलगाड्या कशाबशा एकमेकींना टाळून जातील एवढ्या रुंदीच्या रस्त्यांवर, काळ्या दगडाचे जोते, सागाचे खांब आणि कवेलूंची उतरती छपरे असलेली दुकाने व घरे अजून उभी आहेत, आणि ती वास्तुकलेच्या नावास पात्र आहेत, ही गोष्ट गावकऱ्यांच्या आणि सरकारदरबारच्या मनात अद्याप पुरतेपणी उतरलेली नाही. राजवाडा नाही, किल्ला नाही, शिलालेख नाही. म्हणून नोंद नाही. त्या नोंद नसलेल्या वास्तूंविषयी हा लेख आहे.

या पेठा जेथे वसल्या त्या भूमीची घडण आधी ध्यानात घ्यावी लागते. सातपुड्याच्या पठारावरचा छिंदवाड्याचा भाग तो बालाघाट आणि घाटाच्या पायथ्याशी दक्षिणेस पसरलेला सौंसरचा प्रदेश तो जेरघाट, अशी विभागणी जुन्या महसुली दफ्तरात आढळते. घाटावर हिंदी आणि गोंडी, घाटाखाली मराठी. वर कोदो-कुटकीची हलकी जमीन, खाली कपाशी आणि ज्वारी पिकवणारी काळी कसदार जमीन. जाम नदी पांढुर्ण्यापासून जामसांवली, लोधीखेडा असा प्रवास करीत पुढे कन्हानेस मिळते, आणि या जिल्ह्यातील जुनी बाजारगावे तिच्या व तिच्या उपनद्यांच्या आश्रयाने वाढली. मोहगाव हवेलीचे अर्धनारीश्वराचे देवालय सर्पेच्या काठी आहे. भूशास्त्राच्या अभ्यासकांना तर सौंसर हे नाव गावापेक्षा खडकांमुळे अधिक परिचित, कारण मँगनीजधारी प्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहास याच गावाचे नाव दिलेले आहे. परंतु पेठेतल्या गवंड्याला त्या प्राचीन खडकांशी कर्तव्य नव्हते. त्याच्या कामाचा दगड होता दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, आणि त्याची खरी चिंता होती ती पावसाळ्यात फुगणाऱ्या व उन्हाळ्यात हातभर भेगाळणाऱ्या काळ्या मातीची.

राजकीय सत्तेचा क्रम थोडक्यात असा. देवगडच्या गोंड राजांच्या अमलाखालून हा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांताची रचना झाली, आणि १८६७ साली पांढुर्ण्यास नगरपालिका मिळाली. भोसल्यांच्या काळात येथे मराठी कमाविसदार आले, त्यांच्यामागून कारकून, सावकार, सुतार, गवंडी, कासार आणि कोष्टी आले, आणि नागपुरात रूढ असलेली घर बांधण्याची पद्धत त्यांच्या हातांबरोबर या खेड्यांतून पसरली. ज्या मूळ वास्तूवरून हे वळण घेतले गेले, तो नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडी कामाने मढवलेला होता. १८६४ साली तो आगीत भस्मसात झाला. नगारखान्याची भव्य वेस मात्र उरली. म्हणून नागपूर प्रांताच्या सुतारकामाची परंपरा कशी होती याचा शोध घ्यायचा तर आज तो महालाच्या राखेत लागत नाही, तो कसब्यांतील वाड्यांत आणि दुकानांत घ्यावा लागतो. पांढुर्णा-सौंसरच्या पेठांचे मोल माझ्या दृष्टीने येथूनच सुरू होते.

या गावांत दोन प्रकारच्या जुन्या इमारती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक मालगुजाराचा वाडा आणि दुसरे पेठेतले दुकानघर. भोसल्यांच्या अमलात गावचा वसूल गोळा करणाऱ्या पाटलांना व इजारदारांना इंग्रजी अमदानीतील तीस साला बंदोबस्ताने गावाच्या मालकीची सनद मिळाली, आणि हे मालगुजार बघता बघता श्रीमंत झाले. त्यांच्या वाड्यांना उंच वेस, दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती सपरी, मागे गोठे आणि धान्याची पेवे असत. वाडा अंतर्मुख असतो. रस्त्याकडे तो कोरी, जाड भिंत करतो आणि आपले सारे सौंदर्य चौकासाठी राखून ठेवतो. दुकानघराचे नेमके याउलट आहे. त्याची जागा अरुंद, दोन किंवा तीन खणांची, पण खोल. शेजाऱ्याशी भिंत सामाईक. आणि त्याचे तोंड संपूर्णपणे रस्त्याकडे. वाड्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले, चित्रपटांनी व कादंबऱ्यांनी त्याला वलय दिले. दुकानघराच्या वाट्याला असे कौतुक आले नाही, आणि पेठ ही तर दुकानघरांचीच बनलेली असते.

असे एक दुकानघर जवळून पाहू. जोते कमरेएवढे उंच, घडीव काळ्या दगडाचे. त्याचा पाया काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत नेलेला, कारण तसे न केल्यास तिसऱ्या पावसाळ्यात घर कलणार हे ठरलेले. जोत्यावर ओळीने दगडी तळखडे बसवलेले आणि प्रत्येक तळखड्यावर सातपुड्याच्या जंगलातला चौकोनी तासलेला सागवानी खांब. खांबाच्या माथ्यावर दोन बाजूंना पसरलेले हस्त, त्यांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर माती-चुन्याची थापी देऊन केलेली माडीची जमीन. हे सगळे खाच आणि कुसू यांनी एकमेकांत गुंतवलेले असून लोखंडी खिळ्याचे काम फार थोडे. जेथे गरज तेथे लाकडी मेख. भार सर्वस्वी लाकडी सांगाड्यावर, भिंती केवळ आडोशासाठी. म्हणूनच जाडजूड मातीची भिंत एखाद्या अतिवृष्टीत अंगाने खचली तरी माडी जागच्या जागी उभी राहते, आणि घरधनी पावसाळा सरल्यावर भिंत नव्याने घालून घेतो. आजच्या सिमेंटच्या घराचा एक खांब गेला तर हे शक्य आहे काय?

दुकानाच्या दर्शनी भागाची योजना विशेष पाहण्यासारखी आहे. त्याला दार असे नसतेच. उंबऱ्याच्या लाकडात खाली आणि पाटलीत वर खोबण कोरलेली असते, आणि तिच्यातून एकेक उभी फळी सरकवीत नेऊन सारे दुकान बंद करायचे. फळ्या हाताने रंधलेल्या असल्यामुळे कोणतीही फळी कोणत्याही जागी बसत नाही, तेव्हा प्रत्येकीवर सुताराने छिन्नीने आकडा किंवा खुणेच्या रेघा पाडलेल्या असतात. सकाळी त्या क्रमाने निघतात आणि रात्री उलट्या क्रमाने बसतात, आणि शेवटच्या फळीवर लोखंडी आडणा टाकून कुलूप लावले की दिवस संपला. शे-सव्वाशे वर्षे हातांनी धरल्यामुळे प्रत्येक फळीची एक कड छातीच्या उंचीवर गुळगुळीत, किंचित आत गेलेली असते, आणि ती खोबण इतकी घासलेली असते की फळी सरकताना जवळजवळ आवाज करीत नाही. फळ्या निघाल्या की दुकानास भिंत राहत नाही; जोते हीच बैठक, गादी आणि तक्क्या रस्त्यापासून दोन हातांवर, आणि गिऱ्हाईक उन्हात उभे न राहता पुढे आलेल्या सज्ज्याच्या सावलीत जोत्याच्या कडेवर टेकलेले. रस्ता आणि दुकान यांमध्ये काच नाही, पायरी चढून आत जाण्याचा संकोच नाही. अशा पन्नास दुकानांची सलग रांग उभी राहिली की वरच्या सज्ज्यांची एक अखंड सावली तयार होते, आणि वैशाखातल्या दुपारी माणूस पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोक्यावर ऊन न घेता जाऊ शकतो. या प्रदेशाचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला यातले शहाणपण समजावून सांगावे लागत नाही.

गादीमागे बैठकीची खोली, तेथे रोजकीर्द आणि खतावणी यांचे फडताळ, त्यामागे कोठार, मग लहानसा चौक, विहीर आणि न्हाणी, व शेवटी मागच्या गल्लीत उघडणारे गाडीचे दार. माल मागून येतो आणि पैसा पुढून येतो. माडीवर कुटुंब राहते. सज्ज्याच्या कठड्याला सुताराने आपल्या मनाजोगती नक्षी दिलेली असते; कोठे कमळ, कोठे पोपट, कोठे नुसत्या लाटा. खालच्या खांबांना वळसे देण्यात त्याने वेळ घालवलेला नाही. हा हिशेब मला फार समंजस वाटतो, कारण खालचा खांब पोत्यांनी आणि गाड्यांच्या कण्यांनी झिजणारच असतो.

आता छप्पर. मंगलोरी कौले बाझेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कारखाना काढल्यानंतर यथावकाश रेल्वेने देशभर गेली आणि या गावांतही काही श्रीमंत माड्यांवर ती दिसतात; परंतु येथले खरे छप्पर कवेलूंचे. कुंभार चाकावर निमुळते, पोकळ नळकांडे उठवतो, ओले असतानाच ते दोऱ्याने उभे चिरतो, आणि सुकल्यावर भट्टीत भाजून दोन अर्धे वेगळे करतो. मयालीपासून वळचणीपर्यंत वासे, वाशांवर बांबूच्या कमच्यांची जाळी, आणि तिच्यावर एक ओळ उताणी व तिच्या सांध्यांवर एक ओळ पालथी. चुना नाही, खिळा नाही. केवळ स्वतःच्या वजनावर पडून राहणारे हे आच्छादन उन्हाळ्यात मधल्या फटींतून घराची ऊब बाहेर सोडते. मात्र त्याची एक अट आहे. वानरे आणि मांजरे ते हलवतात, वारा उचकटतो, आणि म्हणून मृगापूर्वी दरसाल कवेलू फेरावे लागतात. फुटलेले काढायचे, सरकलेले जागी आणायचे, कमच्या कुजल्या असतील तर बदलायच्या. ज्या घरी एक-दोन वर्षे ही फेरणी चुकली तेथे पाणी प्रथम कमचीत, मग वाशात, मग मयालीत उतरते, आणि सागाचे घर पाच-सात पावसाळ्यांत जमीनदोस्त होते. ही घरे म्हातारी होऊन पडत नाहीत. ती पडतात ती फेरणी थांबल्यामुळे, आणि फेरणी थांबते ती कुंभाराची भट्टी विझली, कवेलू फेरणारे हात दुसऱ्या कामाला लागले आणि घरातला मुलगा नागपूर-पुण्याला गेला म्हणून.

या पेठांत एवढा पैसा आला कोठून, हे पाहू गेल्यास आपल्याला थेट अमेरिकेत जावे लागते. १८६१ ते १८६५ या काळात त्या देशात यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून ओस पडल्या, आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला, अनेकांचे दिवाळे वाजले. परंतु १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली, आणि कापूस हे या मुलखाचे नगदी पीक म्हणून कायमचे ठरले. सौंसर-पांढुर्ण्याचा कापूस गाड्यांनी नागपुराकडे जाई. पुढे गावातच सरकी काढण्याचे वाफेवरचे कारखाने आले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते येथे चालू होते. लोक या कारखान्याला जीन म्हणतात आणि यंत्राला रेचा.

या रेच्याचाही जन्म अमेरिकेतला. एली व्हिटनीचे १७९३ चे दातेरी यंत्र जगप्रसिद्ध आहे, पण त्याने कापसाचा तंतू तुटतो अशी तक्रार असे. त्याऐवजी चामडे गुंडाळलेल्या रुळाने रुई ओढून घ्यायची आणि पात्याने सरकी मागे ढकलायची अशी रचना अलाबामा राज्यातील डेमोपोलिस या लहानशा गावच्या फोन्स मॅकार्थी या गृहस्थाने १८४० साली पेटंट केली. मॅकार्थीच्या धर्तीचे रेचे पुढे इंग्लंडात ओल्डहॅम येथे तयार होऊन हिंदुस्थानात आले आणि येथील जीनांत सर्वत्र रूढ झाले. अलाबामातील एका नदीकाठच्या कापूसपेठेत सुचलेली कल्पना जामच्या काठी असलेल्या दुसऱ्या कापूसपेठेच्या समृद्धीस कारण व्हावी, हा योग इतिहासाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. जुन्या जीनांची बांधणी पेठेहून भिन्न: उंच विटांच्या भिंती, कमानदार खिडक्यांची ओळ, लोखंडी कैच्यांवर पत्र्याचे छप्पर, एका अंगास बॉयलर आणि त्याचे धुराडे, पुढे कपाशीच्या गाड्यांसाठी विस्तीर्ण पटांगण. दसरा-दिवाळीस हंगाम सुरू झाला की ते पटांगण पांढरे होई, आणि वखारीतून निघालेल्या पैशाने पेठेत माड्या चढत. लोधीखेड्याचा पैसा थोडा निराळ्या वाटेने आला. तेथे तांब्या-पितळेची भांडी घडत, आणि कारागिराची ओसरी हेच त्याचे कारखान्याचे व विक्रीचे स्थान असे.

रेल्वेने सौंसर आणि पांढुर्णा या दोन गावांचे दैव वेगळे केले. सौंसरला १९१३ च्या सुमारास बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी आली, इतवारीपासून घाट चढून छिंदवाड्याकडे जाणारी. पांढुर्ण्याला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इटारसी-नागपूर हा मोठा लोहमार्ग मिळाला आणि ते गाव दिल्ली-मद्रास मार्गावर आले. सौंसरची पेठ त्यामुळे आपल्या जुन्या मापात राहिली. पांढुर्ण्याची वाढ स्टेशनाकडे ओढली गेली. अरुंद गाडी २०१५ साली बंद होऊन तिच्या जागी रुंद मार्ग आला आहे.

समृद्धीला ओहोटी लावणारी दोन वर्षे मात्र दोन्ही गावांना समान आहेत. १९५१ साली मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली. तो कायदा न्याय्य होता आणि कुळांच्या दृष्टीने आवश्यक होता. पण वाड्याच्या डागडुजीचा खर्च ज्या उत्पन्नातून चाले ते उत्पन्न त्या एका दिवशी थांबले, आणि वाटण्या होऊन चौकात भिंती उठल्या. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि घाटाखालचा हा मराठी मुलूख आपल्या बाजारपेठेच्या राजधानीपासून राज्याच्या सीमेने तोडला गेला. येथली मराठी जगली ती घरात, भजनी मंडळात आणि पेठेत. वास्तूच्या दृष्टीने या विभक्तीचा परिणाम असा झाला की महाराष्ट्रात जेव्हा वाड्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा सीमेपलीकडची ही गावे त्या अभ्यासात आली नाहीत, आणि मध्य प्रदेशात ज्यांनी वारसावास्तूंचा विचार केला त्यांची दृष्टी ग्वाल्हेर, ओरछा, मांडू यांच्याकडे लागलेली. दोन्ही दप्तरांच्या मधल्या जागेत ही पेठ पडून राहिली.

योगायोग असा की त्याच १९५६ सालाने अमेरिकेतील लहान गावांच्या पेठांवरही आघात केला. त्या वर्षी तेथे आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, मोटारी गावाबाहेरून धावू लागल्या, गावाबाहेर प्रचंड दुकानसंकुले उभी राहिली आणि गावातला मुख्य रस्ता ओस पडू लागला. तो रस्ताही मूलतः आपल्या पेठेसारखाच: खाली दुकान, वर बिऱ्हाड, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, फरक एवढाच की भिंत विटांची, आणि दर्शनी भागाची नक्षी सेंट लुईसच्या मेस्कर बंधूंसारख्या कारखानदारांच्या सूचीपत्रातून निवडून मागवलेल्या लोखंडाच्या व पत्र्याच्या तुकड्यांची. गिऱ्हाईक परत यावे म्हणून तेथल्या दुकानदारांनी १९५० व १९६० च्या दशकांत या जुन्या दर्शनी भागांवर ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे ठोकले. गिऱ्हाईक काही परतले नाही. १९७७ साली गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत तेथील राष्ट्रीय वारसा न्यासाने एक प्रयोग आरंभला, ज्यात इमारतींची दुरुस्ती, दुकानदारांची संघटना, पेठेची जाहिरात आणि व्यापाराची फेरमांडणी ही कामे एकत्र हाती घेतली गेली. पुढे हा उपक्रम देशभर पसरला, आणि गावोगावी पत्रे उतरवताना आढळले की मागची मूळ नक्षी बहुतांशी शाबूत आहे.

हा दाखला मी मुद्दाम विस्ताराने दिला, कारण आज पांढुर्णा-सौंसरच्या पेठेत हेच घडत आहे. सज्ज्याच्या कठड्यावर फ्लेक्सचा फलक, दुकानाच्या तोंडावर ॲल्युमिनियमच्या मिश्र पत्र्याचे आच्छादन, फळ्यांच्या जागी गुंडाळणारे शटर. वरवर पाहता सारे नाहीसे झाले असे वाटते. परंतु मागच्या गल्लीत शिरून चौकातून पुढे आले, किंवा फलकाच्या कडेने नजर वर नेली, की हस्त आणि तुळया जागच्या जागी दिसतात. पेठ गेलेली नाही, झाकली गेली आहे. जे झाकले आहे ते उघडता येते. जे पाडले ते नाही. आणि पाडण्याचा वेग वाढणार हे उघड आहे, कारण जिल्ह्याचे ठाणे झाल्यामुळे पांढुर्ण्याच्या जागांचे भाव चढणार, आणि हनुमान लोकामुळे या रस्त्यांवर यात्रेकरूंची रहदारी वाढून रुंदीकरणाची मागणी होणार.

दुकानदाराला दोष देणे मला मान्य नाही. ज्याच्या माडीतून पाणी गळते, ज्याला त्या माडीवर कर्ज मिळत नाही, आणि ज्याला सागाची एक तुळई बदलायची तर सिमेंटच्या खोलीएवढा खर्च येतो, त्याने वारसा म्हणून ते ओझे एकट्याने वाहावे अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. १९५८ चा पुरातत्त्वविषयक कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहे, तो या पेठेला लागू पडणारा नव्हे आणि पडावा अशीही माझी इच्छा नाही. ज्या दुकानात खिळा ठोकायला दिल्लीची परवानगी लागेल ते दुकान उद्या बंद होईल. अहमदाबादच्या पोळींतील, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतील, लाकडी घरे २०१७ साली जागतिक वारशात समाविष्ट झाली ती तेथे वर्षानुवर्षे नगरपालिकेच्या पातळीवर घरोघर नोंद झाली होती म्हणून. मुंबईने १९९५ साली केलेली वारसा नियमावलीही यादीपासूनच सुरू झाली. येथेही मार्ग हाच आहे, आणि तो खर्चिक नाही. जुन्या घराची फेरणी करणाऱ्यास घरपट्टीत सूट, सज्ज्याची रेषा न मोडता मागे मजला चढवण्याची मुभा, फलकांच्या उंचीस मर्यादा, आणि रस्ता रुंद करण्याऐवजी पेठेतून मोटारींना दिवसा बंदी, एवढ्याने अर्धे काम होईल. नव्या जिल्ह्याला कचेऱ्यांसाठी जागा हव्याच आहेत; जुन्या जीनच्या उंच, हवेशीर इमारतींत अभिलेखागार, ग्रंथालय किंवा संत्रा-कापसाच्या बाजाराचे दालन उत्तम बसेल. जामसांवलीच्या भाविकास सौंसरच्या पेठेत तासभर थांबवण्याची व्यवस्था झाली, तर देवस्थानाच्या पैशातला काही भाग हार-प्रसादापलीकडे कवेलूवाल्यापर्यंत आणि सुतारापर्यंतही पोहोचेल.

परंतु या सर्वांच्या आधी यादी हवी, आणि ती करण्याची साधने हाताशी आहेत. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या कसब्यांत नझूल जमिनीची मोजणी होऊन घरागणिक नकाशे तयार होत. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोंदवह्यांत खणांची संख्या आणि छपराचा प्रकार नमूद करण्याची वहिवाट होती. आणि पेठेतल्या जुन्या पेढ्यांच्या कपाटांत घरखरेदीचे दस्तऐवज, कित्येक मोडी लिपीत, पुडक्यांनी पडून आहेत. नागपूर आणि भोपाळ येथील वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका हिवाळ्याच्या सुट्टीत पेठेची दोन्ही बाजूंची उभी रेखाचित्रे काढता येतील. त्यांना मोडी वाचणारा एक माणूस आणि कवेलू फेरणारा एक माणूस सोबत द्यावा, आणि काम सौंसरपासून सुरू करावे, कारण तेथे फळ्यांची दुकाने अजून चालू आहेत, त्यांचे मालक हयात आहेत, आणि कोणत्या फळीवर कोणता आकडा हे ते न पाहता सांगू शकतात.